गप्प बसू नका, पण आधी ती वही मागून घ्या

आदरणीय ताई,

माझा प्रश्न घरगुती नाही, पण आता तो घरापर्यंत आला आहे, म्हणून लिहिते.

मी 54 वर्षांची. बावीस वर्षं शाळेत शिकवलं, आता घरीच शिकवण्या घेते. सिंहगड रस्त्याच्या बाजूला, 2021 मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या 23 गावांपैकी एका गावात आमची 118 घरांची सोसायटी आहे. 2016 पासून आम्ही इथे राहतो. खडकवासला धरण इथून गाडीवर दहा मिनिटं, आणि आमच्या गेटमध्ये रोज सहा टँकर. दहा हजार लिटरचा एक, हजार रुपयांना. नळाचं पाणी येतं ते नावाला.

मला याचा त्रास होतो आणि मी तो लिहून काढते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी पाण्यावर, रस्त्यावर, कचऱ्यावर, महापालिकेच्या कारभारावर लिहीत आले. सुरुवातीला लोक 'बरोबर बोललात' म्हणायचे. नंतर 'ताई, ग्रुपवर राजकारण नको' असं यायला लागलं. जानेवारीतल्या महापालिकेच्या निवडणुकीआधी एका पॅनेलनं आमच्या चारही बिल्डिंगना बाहेरून रंग लावून दिला. तेव्हा मला राहवलं नाही. मी लिहिलं, 'रंगाच्या डब्यांवर विकली गेलेली सोसायटी उद्या पाणी कोणत्या तोंडानं मागणार?' त्या रात्रीच सेक्रेटरींनी ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असं करून टाकलं.

समोरच्या फ्लॅटमधली माझी मैत्रीण त्या पॅनेलच्या प्रचारात होती. नऊ वर्षांची मैत्री. यंदा तिच्या हळदीकुंकवाला अख्ख्या मजल्याला बोलावणं होतं, मला नव्हतं. यजमान म्हणतात, 'आपल्याला इथेच राहायचंय, कशाला सगळ्यांशी वाकडं?' मुलगा म्हणतो, फ्लॅट विकून मोकळे व्हा. निवडून आलेले नगरसेवक चार आहेत. एकाला फोन केला की तो दुसऱ्याचं नाव सांगतो. पाण्याचा धड हिशेब कुणाकडेच नाही, वॉचमनकाकांची टँकरची वही सोडली तर.

मी गप्प बसू का? आणि मैत्रिणीचं काय करू?

एक रहिवासी

प्रिय ताई,

तुमचं मूळ पत्र सात पानांचं होतं, ते इथे आखडून दिलं आहे. गावाचं नावही काढलं आहे, कारण तुमच्याकडे अजून सगळे सगळ्यांना ओळखतात आणि 'एक रहिवासी' कोण, हे दुपारपर्यंत कळलं असतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. गप्प बसू नका. रोज सहा टँकर मोजणारी आणि धरण किती जवळ आहे हे न विसरणारी बाई गप्प बसली, तर त्या 118 घरांमधून बोलणारं कोण उरेल? दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र जरा मागून यावं लागेल. त्यात तुमचीही चूक आहे आणि ती मी झाकणार नाही.

ते रंगाच्या डब्याचं वाक्य. ते लिहिताना तुम्ही किती चिडला होतात हे मला समजतं, कारण मतं मागायला येणाऱ्यानं रंगाचे डबे घेऊन येणं मलाही संतापजनक वाटतं. मतासाठी मतदाराला काही देणं ही कायद्यानं लाच आहे, मग ती रोख असो, साडी असो नाहीतर भिंतीचा रंग. पण तुमचा राग देणाऱ्याकडे न जाता घेणाऱ्यांच्या अंगावर गेला. 2016 ची इमारत म्हणजे दहा वर्षं झाली. दर महिन्याला टँकरपायी एवढे पैसे जात असताना सोसायटीच्या खात्यात रंगाचे पैसे साठणार कधी? पावसाळ्यात ओल येणाऱ्या घरातल्या माणसाला कुणी भिंत रंगवून देतो म्हणाला, तर 'नको' म्हणायला फार बळ लागतं. आणि रंग लागला म्हणून मत गेलंच, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मत गुप्त असतं. समोरच्या घरातल्या माणसानं मशिनवर कुठलं बटण दाबलं हे ना तुम्हाला ठाऊक, ना मला. त्या एका वाक्यानं तुम्ही 118 घरांना एकाच दावणीला बांधलंत. शेवटी तो रंग तुमच्याही भिंतीला लागला आहेच.

लोक 'राजकारण नको' म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा 'भांडण नको' म्हणायचं असतं. पाणी नको असं त्यांच्यातलं कुणीही म्हणत नाही. आणि पुण्यात पाणी हा विषय राजकारणाचा कधी नव्हता? 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. तेच जोतीराव 1876 ते 1882 या काळात पुण्याच्या नगरपालिकेचे सभासदही होते. घरचा हौद आणि नगरपालिकेतली खुर्ची, दोन्ही ठिकाणी माणूस तोच होता. पुढच्या वेळी कुणी 'ताई, राजकारण नको' म्हणालं तर चिडू नका. 'भांडण नकोच, फक्त पाण्याचं बोलू,' एवढंच म्हणा.

आता तुमच्या गावाचं नेमकं काय झालं ते बघू. याचा राग तुमच्या मनात आहे, पण त्याचं कारण तुम्ही पत्रात कुठे लिहिलेलं नाही. 30 जून 2021 ला ही 23 गावं महापालिकेत आली आणि ग्रामपंचायती संपल्या. पुढच्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, प्रशासक आले. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात अडकून राहिले. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे साडेचार वर्षं तुमच्या गावाला ना सरपंच होता ना नगरसेवक. घरपट्टीची बिलं मात्र महापालिकेची येत राहिली.

ग्रामपंचायत गेली तशी आणखी एक गोष्ट गेली, ग्रामसभा. गावात कुणीही मतदार उभा राहून सरपंचाला तोंडावर विचारू शकत होता की नळाचं काय झालं. तुम्ही सोसायटीवाले त्या ग्रामसभेला फारसे जात नसाल, पण गावठाणातली माणसं जात होती आणि त्यांना ती सवय आहे. शहरासाठीही तसंच काही असावं म्हणून 2009 मध्ये महानगरपालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली. त्या भागातल्या मतदार यादीत नाव असलेल्या सगळ्यांची सभा, आणि ती नगरसेवकानं बोलवायची. प्रत्यक्षात आपल्या शहरांमध्ये ती क्वचितच भरते, कारण बहुतेकांना ती आहे हेच ठाऊक नसतं. तुम्ही ती मागू शकता. गावठाणातल्या दोन जुन्या माणसांना सोबत घेऊन मागा, म्हणजे मागणीला वजन येईल. गावकीवाले आणि सोसायटीवाले वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या खुर्चीपुढे गेले की दोघांनाही सारखंच उत्तर मिळतं: 'बघतो.'

आणि ते चार नगरसेवक. एकाला विचारलं की दुसऱ्याचं नाव, ही तक्रार तुमच्या एकटीची नाही. पुण्यात 2002 ला तीन सदस्यांचा प्रभाग होता, 2007 ला एकाचा, 2012 ला दोघांचा, 2017 ला चौघांचा आणि आता पुन्हा बहुतेक ठिकाणी चौघांचा. यंदा 41 प्रभागांत 165 नगरसेवक आहेत. दर निवडणुकीला गणित बदलतं, मग मतदाराला आपला माणूस कोण हे कळणार कसं? माझं मत विचाराल तर एका प्रभागाला एकच नगरसेवक असावा. चांगलं झालं तरी त्याचं आणि वाईट झालं तरी त्याचंच. पण आज चार आहेत हे खरं, म्हणून एक युक्ती सांगते. जे पत्र द्याल त्याच्या खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून चौघांचीही नावं एकाखाली एक लिहा आणि तोच कागद चौघांना द्या. मग 'माझ्याकडे आलंच नाही' असं कुणाला म्हणता येत नाही, आणि बाकी तिघांनाही पत्र गेलंय हे प्रत्येकाला दिसतं.

त्या चौघांत दोन जागा महिलांच्या असतील. त्यांना फोन केला आणि त्यांच्या यजमानांनी उचलला, तर नम्रपणे म्हणा, 'मला ताईंशीच बोलायचंय.' निवडून त्या आल्या आहेत, उत्तरही त्यांनीच द्यायला हवं. पाण्यासाठी कोण पहाटे उठतं हे त्यांना तुम्ही समजावून सांगायची गरज पडणार नाही.

आता माझी एक गोष्ट सांगते, म्हणजे 'लिहू नका' असं मी का म्हणत नाही आणि 'असं लिहू नका' असं का म्हणते ते कळेल. मी पूर्वी ज्या शहरात राहत होते तिथे आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं चेंबर तुंबायचं. पावसाळ्यात मुलं शाळेत जायची ती त्या पाण्यातून. मी दोन वर्षं पत्रं लिहिली. त्यांत चेंबर असायचं, मोकाट कुत्री असायची, दिवे असायचे, टेंडरमधला गैरव्यवहार असायचा आणि शेवटी लोकशाहीवर एक परिच्छेद असायचा. माझी भाषा चांगली होती, तीन पत्रं वर्तमानपत्रातही आली. चेंबर होतं तसंच राहिलं.

एके दिवशी मी कार्यालयात पोच मागायला गेले. बारनिशीच्या, म्हणजे आवक-जावक नोंदीच्या टेबलावर निवृत्तीला आलेले एक लिपिक होते. त्यांनी माझं पत्र हातात घेतलं, चष्मा वर केला आणि पेन्सिलनं समासात आकडे घातले. एक, दोन, तीन, असे सात. म्हणाले, 'बाई, यात सात विषय आहेत. सात खात्यांचे. हे पत्र पहिल्या टेबलावर जाईल, तो म्हणेल यातले सहा विषय माझे नाहीत. मग ते दुसऱ्या टेबलावर. असं फिरून ते फायलीला लागतं. एक विषय, एक कागद आणा. आणि काय हवंय ते पहिल्या ओळीत लिहा.' मी घरी आले, अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं, गल्लीतल्या तेवीस घरांच्या सह्या घेतल्या आणि शिक्क्यासह आवक क्रमांक घेतला. चार महिन्यांनी चेंबर बदललं. पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा एकदा तुंबलं, पण तेव्हा मी फक्त जुना आवक क्रमांक सांगितला आणि आठवड्यात माणसं आली.

त्या लिपिकांचं नाव मी विचारलं नाही, याची रुखरुख मला अजून आहे. तुमचं सात पानी पत्र वाचताना तेच आठवले. पेन्सिलीनं मोजलं असतं तर तुमच्या पत्रात अकरा विषय निघाले असते.

तर आता एकच विषय, पाणी. आणि त्या विषयातली सगळ्यात मोलाची वस्तू तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिली आहे: वॉचमनकाकांची वही. तुमच्या साऱ्या मेसेजपेक्षा त्या वहीत जास्त ताकद आहे. गाडीचा नंबर, वेळ, सही. कुणी काय वाटतं म्हणून लिहिलेलं नाही, जे आलं ते लिहिलं आहे.

मी तुमच्याच आकड्यांवर हिशेब केला. रोज सहा टँकर म्हणजे 60 हजार लिटर. 118 घरांत घरटी चार माणसं धरली तर 472 माणसं. माणशी झाले 127 लिटर. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी मिळावं हे सरकारचं मानक आहे. म्हणजे तुम्ही चैन म्हणून टँकर मागवत नाही. जेवढं पाणी मिळायला हवं जवळपास तेवढंच, पण विकत घेता. मार्चसारख्या 31 दिवसांच्या महिन्यात 186 टँकर, 1 लाख 86 हजार रुपये, घरामागे साधारण 1,576. वर्षाला घरामागे एकोणीस हजारांच्या आसपास. हा आकडा ग्रुपवर कुणी टाकला असता तर त्याला राजकारण कोण म्हणालं असतं? तुम्ही तो टाकला नाहीत. रंगाचे डबे टाकलेत.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, या चार धरणांत मिळून 29 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर पाणी मावतं. त्याच्या पायथ्याशी राहून टँकर घ्यावा लागतो तो धरणात पाणी नाही म्हणून नव्हे. धरणातून घरापर्यंत येणाऱ्या टाक्या आणि जलवाहिन्या नव्या गावांपर्यंत पुरेशा पोचलेल्या नाहीत, म्हणून. त्यामुळे 'पाणी द्या' असं मोघम मागू नका. आमच्या भागाची टाकी कुठली, जलवाहिनीचं काम कुठवर आलं, या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्याला किती तरतूद आहे, असं विचारा. तरतुदीवर पुढेही लक्ष ठेवा, कारण अंदाजपत्रकात पाण्यासाठी ठेवलेले पैसे वर्षाच्या मध्ये 'वर्गीकरणा'नं दुसऱ्याच कामाकडे वळवता येतात. वर्गीकरण हा शब्द लक्षात असू द्या. बातमीत तो दिसला की थांबून वाचा.

वहीत दोन रकाने वाढवायला सांगा. एक, टँकर कुठून भरून आला. दुसरा, त्या दिवशी नळाला पाणी आलं का आणि किती मिनिटं. 2025 च्या जानेवारीत नांदेड, किरकटवाडी, धायरी या तुमच्याच पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा प्रत्येक जण विचारत होता, पाणी कुठल्या विहिरीचं, कुठल्या टँकरचं. तेव्हा बहुतेक सोसायट्यांकडे हे लिहिलेलं असतं तर किती बरं झालं असतं. पाणी कुठून आलं, हे माहीत असलंच पाहिजे. त्यात कुणावर संशय घेण्यासारखं काही नाही.

मग पत्र. मी नमुना देते, तुमची भाषा माझ्यापेक्षा चांगली आहे, तरीही हा असाच ठेवा:

'विषय: सोसायटीस नळाद्वारे होणाऱ्या पाणीपुरवठ्याचे वार व वेळ लेखी कळविण्याबाबत. आमच्या सोसायटीत 118 सदनिका असून सर्व सदनिकाधारक मिळकतकर भरतात. सोबत जोडलेल्या नोंदवहीच्या प्रतीनुसार 1 ते 31 मार्च या काळात आम्हास 186 टँकर विकत घ्यावे लागले. नळाद्वारे पाणीपुरवठा कोणत्या वारी व किती वेळ होणे अपेक्षित आहे, आणि तो पुरेसा होण्यासाठीचे काम सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे लेखी कळवावे, ही विनंती.'

एवढंच. यात आरोप नाही, निवडणूक नाही. तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना आणि पाणीपुरवठा विभागाला द्या, पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. मोबाइलवर महापालिकेच्या पीएमसी केअर या तक्रारींच्या अ‍ॅपवरही नोंदवा, पण तेवढ्यावर थांबू नका. कागदाची पोच हातात हवी.

हे पत्र तुमच्या नावानं नको, सोसायटीच्या लेटरहेडवर हवं. कमिटी काचकूच करेल. पण सहकार कायद्यात सोय आहे: एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. 118 चे एक पंचमांश म्हणजे 24 सह्या. सात पानी पत्र लिहिण्यापेक्षा 24 दारं वाजवणं अवघड असतं, हे मी अनुभवानं सांगते. पण सही मागायला तुम्ही दारात उभ्या राहाल तेव्हा कुणी 'राजकारण नको' म्हणणार नाही, कारण हातात टँकरचा हिशेब असेल. सभेत फक्त पाण्याचा ठराव मांडा. रंगाचा विषय निघाला तर तो आजचा विषय नाही म्हणा.

एक कागद अजून मिळवायचा आहे. तुमची इमारत 2021 च्या आधीची, म्हणजे बांधकाम परवानगी महापालिकेची नसणार. भोगवटा प्रमाणपत्र काढून बघा, त्यावर परवानगी देणाऱ्या कार्यालयाचं नाव असेल. या पट्ट्यातल्या बऱ्याच प्रकल्पांना परवानगी देताना बिल्डरकडून हमीपत्र घेतलेलं असतं की सार्वजनिक पाणीपुरवठा होईपर्यंत पाणी आम्ही देऊ. तुमच्या फायलीत तसं हमीपत्र आहे का, हे माहिती अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तर तीस दिवसांत यावं लागतं. आणि बघा, महाराष्ट्राच्या नियमातच आहे की एका अर्जात एकच विषय आणि तोही दीडशे शब्दांत. त्या लिपिकांचंच म्हणणं! 'बिल्डर पाणी का देत नाही' असं विचारू नका, 'का' ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. 'हमीपत्राची प्रत मिळावी' असं मागा. हमीपत्र मिळालं तर गेल्या दहा वर्षांच्या टँकरचा प्रश्न वेगळाच होतो, आणि तो घेऊन वकिलाकडे जाता येतं. नसलंच, तर तसं लेखी उत्तरही जपून ठेवा.

छोट्या कामांसाठी दुसरी वाट आहे. पुण्यात 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवतात, पाच लाखांपर्यंतची. दिवे, पदपथ, बाकं असली. तुमच्या रस्त्यावरच्या अंधाराबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंय, ते काम तिथे सुचवा. वर्तमानपत्रात त्याचं निवेदन येतं तेव्हा चुकवू नका. त्याला पाण्यात मिसळू नका.

यजमानांबद्दल. ते चुकीचं काही बोललेले नाहीत. 'इथेच राहायचंय' हे खरंच आहे, आणि एकटं माणूस पुढे दिसलं की त्यालाच टोचलं जातं. म्हणूनच मी 24 सह्या आणि लेटरहेड म्हणते आहे. त्यांना वहीची बेरीज करायला द्या. ज्या माणसाला भांडण नको असतं त्याला हिशेब करायला आवडतो, असं मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. मुलाला सांगा, फ्लॅट विकायला काढला तर घ्यायला येणारा पहिला प्रश्न पाण्याचाच विचारेल.

आणि तुमची मैत्रीण. ती प्रचारात होती म्हणजे तिला कुणीतरी पटलं होतं. दारोदार फिरणं सोपं नसतं, ते तिनं केलं, हे तुम्हालाही मान्य असेल. तुम्ही 'विकली गेलेली' हा शब्द लिहिलात तेव्हा तो तिनं स्वतःवर घेतला असणार, कारण तुमच्या लेखी आपण कोण, हे तिला महत्त्वाचं होतं. परक्या माणसाच्या शब्दाला लोक उलट उत्तर देतात. जवळच्या माणसाचा शब्द लागला की बोलावणंच थांबतं.

मेसेज पाठवू नका. घंटा वाजवा. दुपारी, ती एकटी असेल तेव्हा. 'ते वाक्य मी लिहायला नको होतं,' एवढं म्हणा आणि त्याच्यापुढे 'पण' जोडू नका. कुठला पक्ष बरोबर, रंग घ्यावा की न घ्यावा, यातलं काही त्या दिवशी काढू नका. तिनं चहा टाकला तर प्या. दारातूनच परत पाठवलं तर परत या, आणि आठ दिवसांनी एखाद्या साध्या कामासाठी पुन्हा जा. पहिल्या भेटीत वही घेऊन जाऊ नका. तिला वाटेल तुम्ही सहीसाठी आलात.

ती बोलायला लागली की मग, पंधरा दिवसांनी, महिन्यानं, वही दाखवा आणि सरळ विचारा की ज्यांच्यासाठी तू फिरलीस त्यांना हे पत्र तुझ्या हातानं देशील का. नगरसेवकाला आपल्या प्रचारात उन्हातान्हात फिरलेल्या बाईचा फोन टाळता येत नाही. त्यांनी महापालिकेच्या मुख्य सभेत पाण्यावर लेखी प्रश्न विचारला, तर त्याचं उत्तर प्रशासनाला लेखी द्यावं लागेल, आणि ते तुमच्या 24 सह्यांपेक्षा लवकर येईल. हे तुमच्या मैत्रिणीला जमण्यासारखं आहे, तुम्हाला नाही.

एवढं करायच्या आधी, आजच, गेटवर जा. वॉचमनकाकांची जुनी वही भरत आली असेल. भरलेल्या वह्या कुठे ठेवतात ते विचारा, असतील तेवढ्या मागून घ्या, प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि त्यांना एक नवी, जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही नेऊन द्या. जुन्या वह्या रद्दीवाल्याकडे जाण्याआधी.